विज्ञानाचे उतारे आणि आर्ट्सची मुलगी

आमच्या राधानगरी तालुक्यात दहावीचा निकाल लागला की मुलांची वाटणी ठरलेली असते. विज्ञानात घसघशीत गुण असले की सायन्स, गणित बरं असलं की कॉमर्स, आणि उरलेली सगळी आर्ट्स. मी उरलेल्यांत होते. मराठी माध्यमातली, भाषेत आणि इतिहासात चांगली, विज्ञानात आकृत्यांखालची नावं पाठ करून निभावून नेणारी. कोल्हापूरच्या कॉलेजात अकरावीला आल्यावर वकील व्हायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. आईला तर हायसंच वाटलं. वकिलीला सायन्स लागत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी बारावी झाले ते साल २०२०. त्याच वर्षी क्लॅटचं रूप पालटलं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही प्रवेश परीक्षा तोवर मुख्यतः सुट्या, छोट्या प्रश्नांची होती. त्या वर्षापासून सगळे विभाग उताऱ्यांवर आले. १५० प्रश्न, १२० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा आणि त्याच्याखाली चार-पाच प्रश्न. म्हणजे एका उताऱ्याला जेमतेम चार मिनिटं. उतारा बातमीतला असेल, लेखातला असेल किंवा निकालपत्रातला असेल. विषयाला बंधन नाही. कोरोनाचं वर्ष असल्यामुळं सराव परीक्षांमध्ये लस, विषाणू, जनुकं, चाचण्यांची अचूकता यांचा नुसता पाऊस पडत होता. त्याच्या जोडीला हवामानबदल, अणुऊर्जा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता होतीच.

दुसरी परीक्षा आपल्या राज्याची, सीईटी कक्षाची विधी सीईटी. तीही तेव्हा १५० प्रश्नांची आणि दोन तासांचीच. पण तिथं चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि प्रश्नपत्रिका मराठीतही असते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तेव्हा कायदेविषयक कल आणि तर्क यांना प्रत्येकी ४०, सामान्य ज्ञान आणि इंग्रजीला प्रत्येकी ३० आणि गणिताला १० प्रश्न होते. आता दोन्ही परीक्षा १२० प्रश्नांच्या झाल्या आहेत, पण त्यांच्या स्वभावातला फरक तसाच आहे. विज्ञान दोन्हीकडं भेटतं आणि दोन्हीकडं वेगळ्या कपड्यांत भेटतं. या दोन कपड्यांची सरमिसळ झाली की अभ्यासाची दिशाच चुकते, म्हणून ते आधी सांगते.

सीईटीत विज्ञान सामान्य ज्ञानातून येतं आणि तिथं माहितीच लागते. रातांधळेपणा कुठल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतो, विद्युत रोधाचं एकक कोणतं, असा तो मामला असतो. यासाठी मी आठवी ते दहावीची बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं पुन्हा काढली. शाळेत असताना ती परीक्षेपुरती वाचली होती; आता ती कायद्याच्या बाजूनं वाचली. ओझोनचा थर आला की शेजारी लिहायचं: १९८७ चा माँट्रियल करार. पारा आला की मिनामाता आणि त्या नावाचा २०१३ चा आंतरराष्ट्रीय करार. मिथाइल आयसोसायनेट आलं की भोपाळ, डिसेंबर १९८४, आणि त्यानंतरचा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. एंडोसल्फान आलं की केरळातलं कासरगोड आणि सर्वोच्च न्यायालयाची २०११ ची बंदी. इतिहासाच्या मुलीला सनावळीचं वावडं नसतं. रसायनाचं नाव एकटं लक्षात राहत नव्हतं. त्याच्यामागं माणसं, गाव आणि साल उभं केलं की ते विसरता येत नव्हतं.

क्लॅटमधलं विज्ञान निराळं. तिथं माहिती उताऱ्यातच दिलेली असते आणि आपल्याला ती वापरायची असते. हे कळायला सोपं आणि अंगी लागायला अवघड. लॉकडाऊनमुळं मी गावी परत आले होते. कोल्हापुरात माझ्याच खोलीवर राहणारी, बारावी सायन्सची एक मैत्रीण इचलकरंजीला तिच्या घरी होती. तिलाही कायद्यालाच जायचं होतं. रोज रात्री फोनवर आम्ही एकेक उतारा सोडवायचो. पहिल्या काही दिवसांतच एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. विज्ञानाच्या उताऱ्यात तिचे गुण माझ्यापेक्षा फार जास्त येत नव्हते. कधी कधी कमीच यायचे.

एकदा लशीवरच्या उताऱ्यावरून आमची चांगलीच जुंपली. तिनं निवडलेला पर्याय वाचून मी म्हटलं, "हे उताऱ्यात कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नसंल, पण खरं हाय ते. आम्ही बायोलॉजीत शिकलोय की."

"खरं असू दे. पण प्रश्न काय हाय? उताऱ्यावरून काय ठरतं, एवढंच विचारलंय."

ती गप्प झाली आणि मग हसायला लागली. तिच्या डोक्यातलं खरं ज्ञान तिला उताऱ्याबाहेर ओढत होतं. माझ्या डोक्यात ओढणारं काही नव्हतंच. तेव्हापासून आमचा एक नियम ठरला: उत्तर सांगताना उताऱ्यातली ओळ बोट ठेवून दाखवायची. ओळ नाही तर उत्तर नाही.

माझी अडचण दुसरीच होती. उतारे इंग्रजीत, आणि शाळेत मी शिकलेलं विज्ञान मराठीत. प्रतिपिंड, विकर, गुणसूत्र, उत्प्रेरक हे शब्द माझ्या ओळखीचे. त्यांची इंग्रजी नावं अनोळखी. त्यातून औषधांची आणि जिवाणूंची लांबलचक लॅटिन वळणाची नावं आली की वाचता वाचता जीभच अडखळायची आणि डोकं पुढं सरकायचं नाही. त्यावर उपाय सापडला तो साधा होता. नाव वाचायचंच नाही. त्याचं पहिलं अक्षर घ्यायचं आणि पुढं जायचं.

याची सगळ्यात चांगली परीक्षा झाली ती नोव्हार्टिसच्या खटल्यावर. कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाच्या पेटंटचा हा वाद. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला कंपनीच्या विरोधात निकाल दिला. त्यावरच्या कुठल्याही लेखात 'इमॅटिनिब मेसिलेटचं बीटा स्फटिकरूप' असं काहीतरी येतं आणि आर्ट्सचं पोरगं तिथंच हातपाय गाळतं. मी त्याला 'इ' म्हटलं. आधी जुना इ होता. कंपनीनं त्याच इ चं नवं रूप काढलं. नवा इ शरीरात तीस टक्के जास्त शोषला जातो, असं कंपनी म्हणते. आपला पेटंट कायदा, कलम ३(ड), म्हणतो की जुन्याच पदार्थाचं नवं रूप असेल तर त्याची परिणामकारकता वाढलेली दिसली पाहिजे. आता प्रश्न एकच उरतो: जास्त शोषलं जाणं म्हणजे जास्त गुण येणं का? न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद. नुसतं जास्त शोषलं जाणं म्हणजे ती ताकद वाढल्याचा पुरावा नव्हे. एवढं समजायला स्फटिक कसा बनतो ते कळावं लागत नाही. दावा कुणाचा, आधार काय आणि कायद्याला काय हवंय, हे तीन कळलं की पुरतं.

ही त्रिसूत्री मी वहीच्या समासात लिहायला लागले. चौथी गोष्ट जोडली ती खात्रीची. शास्त्रज्ञ बोलतात ते मोजूनमापून: "असं दिसतं", "शक्यता आहे", "या नमुन्यात आढळलं". पर्याय मात्र ठासून बोलतात: "सिद्ध झालं", "नेहमीच", "एकमेव कारण". उताऱ्यातल्या माणसानं जेवढी खात्री दिली नाही तेवढी देणारा पर्याय बहुतेक वेळा चुकीचा निघतो.

कार्यकारणाची साखळी तपासायला मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचाच उतारा घरी तयार केला. सांडपाण्यातून तलावात फॉस्फेट येतं, त्यावर शेवाळ माजतं, शेवाळ मरून कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. पाच कड्या. निष्कर्ष असा मांडला: कपडे धुण्याच्या पावडरीवर बंदी घातली की मासे मरायचे थांबतील. मैत्रिणीला विचारलं, हा निष्कर्ष कशानं कमकुवत होईल? ती रसायनाकडं वळली. मी म्हटलं, सूत्र नको, कडी शोध. फॉस्फेट पावडरीखेरीज मैल्यातूनही येत असेल तर? किंवा तळाच्या गाळात आधीच साठलेलं फॉस्फेट पाण्यात परत मिसळत असेल तर? दोन्हींत पहिलीच कडी ढिली पडते. तर्काच्या विभागातले विज्ञानाचे बहुतेक प्रश्न असेच सुटतात. बाण कागदावर काढायचे आणि कुठला बाण तुटतो ते बघायचं.

कायद्याच्या विभागातलं विज्ञान मला शिकवलं ते मात्र वडिलांनी, आमच्या आप्पांनी, आणि तेही नकळत. आप्पा पाटबंधारे खात्यात नोकरीला. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आमच्या घरात ताजा होता. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. एका सराव उताऱ्यात धरणाचं पाणी, पूर आणि नुकसानभरपाई असा विषय आला. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा १८६८ चा इंग्लंडमधला प्रसिद्ध खटला त्याच्या मुळाशी होता. रायलँड्स गिरणीमालक. त्याच्या नव्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या जुन्या, बंद खाणींतून फ्लेचरच्या कोळसाखाणीत शिरलं. तेव्हापासून तत्त्व असं: धोक्याची वस्तू आपल्या जागेत आणून साठवलीत आणि ती निसटली, तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी जबाबदारी तुमची, दैवी आपत्तीसारखे काही अपवाद सोडून.

मी ओसरीवर बसून आप्पांना विचारलं, "आप्पा, राधानगरीचं पाणी सोडायचा हुकूम कोण देतं?"

"कुठल्या दरवाजाचं म्हणतीस?" ते म्हणाले. "ते सात स्वयंचलित दरवाजे हायत, त्यास्नी हुकूम कोण देत न्हाई. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपसूक उघडत्यात. पाणी उतरलं की आपसूक मिटत्यात."

"मग पूर आला तर जबाबदार कोण?"

"ते तुम्ही वकील ठरवा," म्हणून ते हसले. पण लगेच म्हणाले, "दरवाजा कवा उघडला हे इचारून काय उपेग न्हाई बघ. पाऊस यायच्या आधी धरण किती भरलेलं ठेवलं होतं, ते इचार. खालच्या गावांस्नी कवा सांगितलं, ते इचार."

राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी जातं, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. सातही उघडले की सुमारे दहा हजार. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एवढं पाणी जायला साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालावा लागतो. हे आकडे कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात रोज पेपरात वाचतो. पण आप्पांच्या त्या दोन वाक्यांनी मला आकड्यांच्या पलीकडचं काही दाखवलं. यंत्र कसं चालतं हे सांगणारं वाक्य उताऱ्यात उगाच नसतं. माणसाचा निर्णय नेमका कुठं झाला, हे तेच वाक्य सांगतं, आणि कायदा त्या जागेवर बोट ठेवतो. दरवाजा हातानं उघडणारा असेल तर वाद उघडण्याच्या क्षणाचा. आपोआप उघडणारा असेल तर वाद त्याच्या आधीच्या आठवड्यांचा. त्यानंतर मी वैज्ञानिक वर्णन गाळून पुढं जाणं सोडलं. त्यात फक्त एकच शोधायचे: इथं माणसानं काय ठरवलं आणि कधी ठरवलं?

त्याच उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्याचंच एक प्रकरण वाचनात आलं आणि विज्ञानाचा उतारा परका वाटेनासा झाला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवण्यात आलं. केलेल्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद त्यात साठते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा 'एफ' फॉर्म भरावा लागतो. तो ऑनलाइन भरण्याचं परिपत्रकही जानेवारी २०११ मध्ये निघालं. या दोन्हींविरुद्ध रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा तिथं आला. चित्रं कुठं साठतात, ती बाहेर कुठं पाठवली जातात की यंत्रातच राहतात, या तांत्रिक तपशिलाला तिथं वजन होतं. ती यंत्रातच राहतात, असं दिसल्यावर खासगीपणाचा आक्षेप टिकला नाही, आणि २६ ऑगस्ट २०११ ला याचिका फेटाळली गेली. सोनोग्राफीमागचं भौतिकशास्त्र मला आजही नीट सांगता येणार नाही. पण साठवणं आणि पाठवणं यांतला फरक मला कळतो, आणि खटला त्यावर फिरला होता.

क्लॅट पुढं ढकलत ढकलत २८ सप्टेंबरला झाली, सीईटी त्यानंतर ऑक्टोबरात. तोंडाला मास्क, हाताला सॅनिटायझर आणि पडद्यावर उतारे. मी एक शिस्त पाळली. अवघड नावांचा उतारा आला की आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. प्रश्न वाचल्यावर कुठली नावं लागणार आणि कुठली नुसती शोभेची हे कळतं. दोन पर्यायांवर घोटाळा झाला तर जो उताऱ्यापेक्षा कमी दावा करतो तो घ्यायचा. तरीही जमलं नाही तर तो प्रश्न सोडायचा, कारण पाव गुण लहान वाटला तरी चार चुकांत कमावलेला एक गुण जातो. सीईटीला मात्र एकही प्रश्न कोरा ठेवला नाही. तिथं कोरा ठेवण्यात काही फायदा नसतो. राष्ट्रीय विद्यापीठांपैकी ज्यात नंबर लागत होता त्याची फी घराला झेपणारी नव्हती. सीईटीच्या गुणांवर कोल्हापुरातच पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. मैत्रीणही त्याच वर्षी कायद्याला लागली.

२०२५ ला पदवी हातात आली आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. मी एका ज्येष्ठ वकिलांकडं ज्युनिअर आहे. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत विज्ञान नाही असा दिवस क्वचित उगवतो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा. सहीवरून वाद असला की हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल. तज्ज्ञाचं मत आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं, पण ते मतच असतं, निर्णय न्यायाधीशांचा. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असं नवीन फौजदारी प्रक्रिया संहिता सांगते. म्हणजे हे कागद वाढतच जाणार.

अपघाताच्या दाव्यांत डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी लिहून देतात. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सांगितलं की शरीराच्या अपंगत्वाचा टक्का म्हणजे कमाईच्या नुकसानीचा टक्का नव्हे. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. त्याच दुखापतीनं सरकारी कारकुनाची नोकरी जाईलच असं नाही. डॉक्टरांचा आकडा बरोबर असतो आणि तरी तो उत्तर नसतो. क्लॅटच्या उताऱ्यांनी नेमकं हेच वाचायला शिकवलं होतं.

म्हणून प्रवेश परीक्षेत विज्ञानाचे उतारे घालतात ही कायद्याच्या मुलांवर लादलेली ब्याद आहे, असं मला वाटत नाही. ते पुढच्या कामाचीच चाचणी घेतात. आर्ट्सच्या मुलांनी त्यांना घाबरून पाठ फिरवू नये आणि सायन्सच्या मुलांनी त्यांना गृहीत धरू नये. परीक्षेला बसणार असाल तर रोज पेपरातली विज्ञानाची एक बातमी घ्या. दावा कुणाचा, आधार काय, खात्री किती आणि माणसाचा निर्णय कुठं, ही चार उत्तरं वहीत चार ओळींत लिहा. मराठी बातमी घेतली तरी चालेल. वाचायची सवय लागली की भाषा बदलता येते. या वहीला क्लासची फी लागत नाही, फक्त रोजची पंधरा मिनिटं लागतात.